फ्लोरिडा : मृत्युदंडासाठी बारापैकी आठ मतं पुरेशी?

मेधा_टाम्पा | २४ मार्च २०२३

फ्लोरिडाच्या विधिमंडळात सध्या सिनेट बिल ४५० चर्चेत आहे. फर्स्ट डिग्री मर्डरच्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीच्या खुनाच्या खटल्यात मृत्युदंडाची शिफारस करायची तर आज ज्यूरीतल्या बाराही जणांचं एकमत लागतं. ती अट काढून आठ जण पुरेत, असं हे विधेयक म्हणतं. सिनेटमध्ये ब्लेझ इंगोलिया यांनी आणि हाउसमध्ये बर्नी जाक यांनी ते मांडलं आहे. गव्हर्नर डिसँटिस यांनी जानेवारीतच शेरीफ मंडळींसमोर ही कल्पना बोलून दाखवली होती, त्यामुळे ते अडेल असं वाटत नाही. मंजूर झालं तर मृत्युदंडासाठीची सगळ्यात सैल अट आमच्या राज्याची असेल. आत्ता ती अलाबामाची आहे, १०-२.

टाम्पा, ऑर्लँडो, जॅक्सनव्हिल या भागात आपली बरीच कुटुंबं आता नागरिक झाली आहेत आणि त्यांना ज्यूरी ड्यूटीची समन्स येतात. म्हणून इथे लिहिते आहे. आपल्यापैकी कोणीही त्या बारांत असू शकतं.

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी. खटला दोन टप्प्यांत चालतो. पहिल्यात आरोपी दोषी आहे का एवढंच ठरतं, आणि त्याला एकमत लागतं. दोषी ठरला की तीच ज्यूरी शिक्षेच्या सुनावणीला बसते. सरकारी वकील गुन्ह्याचं गांभीर्य वाढवणाऱ्या गोष्टी मांडतात : बळी बारा वर्षांखालचा होता, अत्यंत क्रूरपणे मारलं, थंड डोक्याने आखून मारलं, आरोपीने आधीही हिंसक गुन्हे केले होते. बचाव पक्ष शिक्षा सौम्य व्हावी म्हणून बोलतो : लहानपणचे अत्याचार, मेंदूची इजा, मानसिक आजार, वय. गांभीर्य वाढवणारी निदान एक गोष्ट सिद्ध झाली याबद्दल बाराही जणांचं एकमत लागतं. हे सगळं तसंच राहणार आहे. बदलणार आहे ती शेवटची पायरी, म्हणजे या माणसाला मारायचं की पॅरोलशिवाय जन्मठेप द्यायची. दोन्हीत तो बाहेर येणार नाही.

थोडा इतिहास सांगावाच लागेल. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या फर्मन निकालाने देशभरातले मृत्युदंडाचे कायदे कोसळले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवा कायदा करणारं फ्लोरिडा पहिलं राज्य ठरलं. त्या कायद्यात ज्यूरीचं मत म्हणजे नुसता सल्ला होता. सात विरुद्ध पाचनेही मृत्युदंडाची शिफारस व्हायची आणि शेवटचा शब्द न्यायाधीशाचा. ज्यूरीने जन्मठेप म्हटलं तरी न्यायाधीश मृत्युदंड देऊ शकत होता. हे चाळीसहून जास्त वर्षं चाललं. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हर्स्ट विरुद्ध फ्लोरिडा खटल्यात ८-१ ने सांगितलं की मृत्युदंडासाठी जे तथ्य सिद्ध व्हावं लागतं ते ज्यूरीनेच ठरवलं पाहिजे, सल्ला पुरत नाही. त्या खटल्यातली शिफारस ७-५ ची होती. राज्याने घाईने १०-२ चा कायदा केला, तो फ्लोरिडाच्याच सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये रद्द केला आणि मार्च २०१७ मध्ये एकमताचा कायदा आला. मग न्यायालयातले न्यायमूर्ती बदलले. जानेवारी २०२० मध्ये पूल निकालात त्याच न्यायालयाने आपला आधीचा निर्णय मागे घेतला : गांभीर्य वाढवणाऱ्या एका गोष्टीवर एकमत पुरे, शिफारशीवर राज्यघटनेनुसार एकमत लागत नाही. आजचं विधेयक त्या उघड्या दारातून आत आलं आहे.

निमित्त पार्कलँडचं आहे. १४ फेब्रुवारी २०१८ ला ब्रॉवर्ड काउंटीतल्या या गावच्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये १४ विद्यार्थी आणि ३ कर्मचारी मारले गेले. मारेकऱ्याने गुन्हा कबूल केला, म्हणून ज्यूरीसमोर फक्त शिक्षेचा प्रश्न होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये ९-३ असे पडले आणि जन्मठेप झाली.

माझा आक्षेप मोजणीपेक्षा त्या बंद खोलीतल्या बोलण्याबद्दल आहे. एकमत लागतं तेव्हा अकरा जणांना बाराव्याचं ऐकून घ्यावं लागतं, त्याला पटवावं लागतं किंवा त्याच्याकडून पटवून घ्यावं लागतं. आठ पुरतात म्हटल्यावर पहिल्याच हात-वर मोजणीत नऊ आले की उरलेल्या तिघांशी बोलायचं कारणच संपतं. माणूस मारायचा की नाही हे ठरवताना ती चर्चा व्हायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

---

जुई_ब्रॉवर्ड | २५ मार्च २०२३

मेधाताई, तुमचं लिखाण काळजीपूर्वक आहे, पण मी या विधेयकाच्या बाजूने आहे.

आम्ही ब्रॉवर्ड काउंटीत राहतो. माझी मुलगी त्या वयाची आहे. त्या दिवसानंतर इथल्या प्रत्येक घरात सकाळी मूल शाळेत सोडताना काय वाटायचं, ते लांबून कळणार नाही. तो खटला महिनोन् महिने चालला. आईबापांनी आपल्या लेकरांच्या जखमांची वर्णनं कोर्टात बसून ऐकली. त्यानंतर तिघांना पटलं नाही म्हणून सतरा घरांना जे हवं होतं ते मिळालं नाही. नोव्हेंबरात न्यायाधीशांनी ३४ जन्मठेपा सुनावल्या, सतरा खुनांच्या आणि सतरा खुनाच्या प्रयत्नांच्या. त्याने काय बदललं?

इथे आरोपी हाच का, असा प्रश्न नव्हता. त्याने स्वतः कबूल केलं होतं. अशा वेळीही मृत्युदंड होत नसेल तर तो कायद्यात ठेवायचा तरी कशाला? निवडणुकीपासून हाउसिंग सोसायटीपर्यंत सगळीकडे आपण बहुमत मानतो. बारातल्या नऊ जणांनी सगळं ऐकून एक मत दिलं, तर त्यांचं मत तिघांपेक्षा कमी किमतीचं कसं?

---

ह्यूस्टनवासी | २५ मार्च २०२३

टेक्सासचं सांगतो, कारण सगळ्यात कडक राज्य म्हणून आमचं नाव घेतलं जातं. १९७६ नंतर सर्वाधिक देहदंड आमच्याकडे झाले. तरी आमच्याकडे एकमतच लागतं. शिक्षेच्या टप्प्यात ज्यूरीला ठरावीक प्रश्न दिले जातात : हा माणूस पुढेही समाजाला धोका ठरेल का, आणि जन्मठेपेवर थांबण्याइतकी सौम्य करणारी काही परिस्थिती आहे का. मृत्युदंडाच्या दिशेने जाणाऱ्या उत्तराला बाराही जण लागतात. एक जण जरी अडला तरी जन्मठेप. मात्र एका मतावर काय अवलंबून आहे, हे ज्यूरीला सांगितलं जात नाही. सूचनेत उलट्या उत्तराला दहा मतं हवीत असं लिहिलेलं असतं, त्यामुळे एकट्या पडलेल्या माणसाला आपलं मत वाया जाणार असं वाटतं. हे मला कायम खटकत आलं आहे.

सांगायचं एवढंच, की एकमत ठेवल्याने मृत्युदंड बंद पडतो हा समज टेक्सासकडे बघून टिकत नाही.

---

उंबरठा | २६ मार्च २०२३

एक शंका. तीन जण अडले म्हणून लगेच जन्मठेप, हेही जुईंना अन्यायाचं वाटतंय. मधला मार्ग नाही का? ज्यूरीचं जमलं नाही तर शिक्षेपुरती नवी ज्यूरी बसवायची?

---

मेधा_टाम्पा | २६ मार्च २०२३

आहे ना. कॅलिफोर्नियात शिक्षेवर ज्यूरी अडली तर नवी ज्यूरी बसवून तो टप्पा पुन्हा घेता येतो. ॲरिझोनातही दुसरी ज्यूरी बसवण्याची सोय आहे. यात पैसा लागतो, वेळ लागतो, आणि घरच्यांना ते सगळं पुन्हा ऐकावं लागतं, ही खरी अडचण आहे. पण फ्लोरिडाच्या विधिमंडळाला एका-दोघांच्या हट्टाचीच काळजी असती तर हा पर्याय मांडता आला असता. तो मांडलेला नाही.

जुई, तुमचं दुःख मी वादाचा मुद्दा करणार नाही. बहुमताबद्दल मात्र बोलते. दोषी ठरवताना आपण बहुमत मानत नाही. २०२० मध्ये रामोस विरुद्ध लुइझियाना निकालात सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्या राज्यांत एकमत सक्तीचं केलं. म्हणजे घरफोडी केली का, हे ठरवायला बाराही जण हवेत. त्या माणसाने जगावं का, हे ठरवायला आठ चालतील. हे गणित मला कुठल्याही बाजूने जुळवता येत नाही.

---

सत्र_वकील | २८ मार्च २०२३

मी महाराष्ट्रात फौजदारी बाजूने काम करतो, बहुतेक आरोपींच्या वतीने. आपल्याकडे ज्यूरी नाही. नानावटी खटल्यात १९५९ साली मुंबईच्या ज्यूरीने ८-१ ने निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, हा आपल्या लोकांच्या आठवणीतला शेवटचा मोठा ज्यूरी खटला. आता शिक्षा एकटे सत्र न्यायाधीश ठरवतात. पण फाशी दिली तर ती आपोआप उच्च न्यायालयात पक्की व्हायला जाते. तिथे निदान दोन न्यायमूर्तींची सही लागते. ती झाल्याशिवाय अंमलबजावणी नाही. फाशीची विशेष कारणं लिहावी लागतात आणि १९८० च्या बचनसिंग निकालापासून ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी आहे.

पण मेधाताईंचा प्रश्न आपल्यालाही टळलेला नाही. २००२ मध्ये देविंदरपाल सिंग भुल्लर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपैकी न्या. एम. बी. शहा यांनी आरोपीला चक्क निर्दोष ठरवलं. तरीही उरलेल्या दोघांच्या मताने फाशी कायम राहिली. ती २०१४ मध्ये, विलंब आणि मानसिक आजार यांमुळे जन्मठेपेत बदलली. देशातल्या सर्वोच्च पीठावरचा एक न्यायमूर्ती म्हणतो की हा माणूस दोषीच नाही, आणि तरी फाशी? वकिलांमध्ये यावर तेव्हाही बोललं गेलं, आजही बोललं जातं.

दुसरं प्रकरण आपल्याच राज्यातलं. भटक्या समाजातले सहा जण, २००३ चा गुन्हा. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशी दिली. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झालं. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तेव्हा कुठल्याच पायरीवर कोणी शंका काढली नव्हती असं नाही. शंका निघाली होती, पण ती ऐकून थांबण्याची सक्ती कोणावर नव्हती.

---

रानवारा | २९ मार्च २०२३

वकीलसाहेब, भारतातली उदाहरणं दोषी आहे की नाही याची आहेत. फ्लोरिडाच्या विधेयकात दोषी ठरवायला एकमतच आहे. मग शिक्षेच्या मतमोजणीचा निर्दोष माणसाशी संबंध काय? ही दोन प्रश्नांची गल्लत होते आहे असं मला वाटतं. (विरोधासाठी विरोध नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.)

---

सत्र_वकील | २९ मार्च २०२३

प्रश्न रास्त आहे. कायद्याच्या पुस्तकात दोन टप्पे वेगळे असतात, माणसाच्या मनात नसतात. पहिल्या टप्प्यात एखाद्याला पुरावा ‘वाजवी संशयापलीकडे’ वाटतो म्हणून तो दोषी म्हणतो, पण मनात एक टोचणी राहतेच. त्या टोचणीने तो शिक्षेच्या वेळी मागे खेचतो. अमेरिकेतले वकील याला उरलेला संशय म्हणतात. त्यामुळे शिक्षेला विरोध करणारी तीन-चार मतं ही पुष्कळदा पुराव्याबद्दलच बोलत असतात.

---

मेधा_टाम्पा | ३० मार्च २०२३

रानवारा, आकडे फ्लोरिडाचेच देते. १९७३ पासून इथल्या डेथ रोवरून, म्हणजे मृत्युदंडाच्या कैद्यांमधून, ३० जण निर्दोष सुटले आहेत. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. ज्यांच्या खटल्यात ज्यूरीची मतं नोंदलेली आहेत, त्यांतल्या बहुतेकांमध्ये शिक्षेवर एकमत नव्हतं. निदान एकाने तरी जन्मठेप म्हटलं होतं किंवा न्यायाधीशाने ज्यूरीचं जन्मठेपेचं मत बाजूला सारलं होतं.

यातलं एक प्रकरण आमच्याच टाम्पातलं. १९८३ चा खून. ज्यूरीने दोषी ठरवलं, पण शिक्षेच्या वेळी बाराही जण म्हणाले जन्मठेप. न्यायाधीशाने ते डावलून मृत्युदंड दिला. पुढे तो रद्द होऊन जन्मठेप झाली म्हणून तो माणूस जिवंत राहिला. २०२० मध्ये डीएनए तपासणीतून तो गुन्हा त्याने केलाच नव्हता हे सिद्ध झालं. ३७ वर्षं तुरुंगात गेली होती. दोषी ठरवताना त्या बारांचं चुकलं. शिक्षा ठरवताना त्याच बारांनी हात आखडला. तो हात का आखडला असेल, हे सत्र_वकील यांनी वर लिहिलं आहे.

आज सिनेटने २९-१० ने विधेयक मंजूर केलं.

---

ह्यूस्टनवासी | १ एप्रिल २०२३

कोणी अजून लिहिलं नाही म्हणून. हे बारा जण सरसकट समाजातून आलेले नसतात. मृत्युदंडाच्या खटल्यात ज्यूरी निवडताना प्रत्येकाला विचारतात की वेळ आली तर तुम्ही मृत्युदंडाला मत देऊ शकाल का. ज्याचं मत त्याच्या कर्तव्याच्या आड येईल असं न्यायाधीशाला वाटतं, त्याला वगळतात. १९६८ चा विदरस्पून आणि १९८५ चा विट, या दोन निकालांवर ही चाळणी उभी आहे. मृत्युदंडाला तत्त्वतः विरोध असलेला माणूस सहसा आत पोचतच नाही.

म्हणजे पार्कलँडच्या खटल्यातले ते तिघेही ‘हो, मी देऊ शकतो’ असं शपथेवर सांगूनच बसले होते. ते हटवादी होते म्हणून अडले, हे मला पटत नाही. बचाव पक्षाने आईच्या गरोदरपणातल्या दारूमुळे मुलाच्या मेंदूवर झालेल्या परिणामांचा पुरावा मांडला होता. त्यांना त्यात वजन दिसलं. जुईंना दिसलं नाही, ते मी समजू शकतो. पण आधीच गाळलेल्या बारांतून चार जण नाही म्हणत असतील, तर ती शंका जड आहे.

---

जुई_ब्रॉवर्ड | २ एप्रिल २०२३

ही चाळणीची गोष्ट मला माहीत नव्हती. त्यावर विचार करते आहे.

माझं मत अजून तेच आहे. कबुली असलेल्या, इतक्या जणांना मारलेल्या प्रकरणात एक-दोघांमुळे शिक्षा अडू नये. पण हा कायदा फक्त अशा प्रकरणांसाठी लिहिलेला नाही, हेही आज नीट वाचलं. दुकानात दरोडा पडला, गोंधळात कोणी मेलं, तरी फेलनी मर्डर म्हणून तो फर्स्ट डिग्रीच ठरतो. तिथेही आठच मतं. पार्कलँडच्या नावाने ते तिथपर्यंत जाणार असेल, तर ते आम्ही मागितलं नव्हतं.

---

मेधा_टाम्पा | २० एप्रिल २०२३

१३ तारखेला हाउसने ८०-३० ने मंजूर केलं होतं. आज गव्हर्नरांनी सही केली. कायदा लागू झाला.

मजकूर पाहिला. आठ किंवा जास्त मतं मृत्युदंडाला पडली, तर न्यायाधीश मृत्युदंड किंवा पॅरोलशिवाय जन्मठेप यांतलं एक देऊ शकतात आणि कारणं लेखी द्यावी लागतात. आठपेक्षा कमी असतील तर जन्मठेपच. त्यामुळे आठ-चारची शिफारस आली तरी एक दार उघडं आहे, न्यायाधीशाचं. पण फ्लोरिडात हे न्यायाधीश निवडणुकीला उभे राहतात. ज्यूरीने मृत्युदंड म्हटल्यावर जन्मठेप देऊन पुढच्या वेळी मतदारांसमोर जायचं, याला धैर्य लागेल. २०१७ मध्ये अलाबामाने ज्यूरीचं मत डावलण्याचा न्यायाधीशांचा अधिकार काढून घेतला, त्यामागे हीच चिंता बोलली गेली होती : निवडणुकीची हवा शिक्षेपर्यंत पोचते.

---

रानवारा | १४ डिसेंबर २०२५

धागा वर काढतो. यंदा फ्लोरिडाच्या बातम्या एवढ्या आल्या की हा धागा आठवला. मेधाताई, हे सगळं त्या ८-४ मुळे का?

---

मेधा_टाम्पा | १५ डिसेंबर २०२५

नाही, थेट नाही. हे स्पष्ट करायला हवं. १९७६ नंतर फ्लोरिडात एका वर्षातला उच्चांक होता ८ देहदंडांचा. यंदा त्याच्या दुपटीहून जास्त झाले. पण हे सगळे जुने खटले, बहुतेक नव्वदच्या दशकातले किंवा त्याआधीचे. इथे अंमलबजावणीच्या वॉरंटवर सही कधी आणि कोणाची, हे गव्हर्नर ठरवतात. म्हणून एवढी वाढ झाली.

संबंध आहे तो असा. यांतल्या अनेकांना ज्यूरीच्या एकमताशिवायच शिक्षा झाली होती. २०१६ च्या निकालानंतर तशा प्रकरणांत फेरसुनावणी मिळाली, पण ज्यांची शिक्षा २४ जून २००२ च्या आधी अंतिम झाली होती त्यांना नाही. त्या दिवशी रिंग विरुद्ध ॲरिझोना हा निकाल आला (मृत्युदंडासाठीचं तथ्य ज्यूरीनेच ठरवावं, हे हर्स्टच्या आधी सांगणारा), म्हणून रेघ तिथे. रेघेच्या एका बाजूला ७-५ ने शिक्षा झालेल्याला नवी ज्यूरी मिळाली, दुसऱ्या बाजूचा तशाच ७-५ वर मेला. हे वाचून मी रात्री नीट झोपले नाही.

---

उंबरठा | १५ डिसेंबर २०२५

मला गेल्या आठवड्यात समन्स आलं आहे, ऑरेंज काउंटीचं. कुठला खटला ते तिथे गेल्यावर कळेल. मृत्युदंडाचा निघाला आणि तो प्रश्न विचारला तर काय सांगायचं? मी विरोधात आहे.

---

ह्यूस्टनवासी | १६ डिसेंबर २०२५

खरं सांगायचं, आणि पूर्ण सांगायचं. ‘मी विरोधात आहे’ एवढंच बोलून थांबलात तर बहुधा वगळतील. पण नुसता विरोध हे वगळण्याचं कारण नाही. कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीने, पुरावा ऐकून, दोन्ही शिक्षांचा प्रामाणिकपणे विचार करू शकाल का, हे विचारलं जातं. करू शकत असाल तर तसं म्हणा, आणि नसाल तर तसं. सरकारी वकील तरीही कारण न देता काही जणांना काढण्याच्या स्वतःच्या कोट्यातून तुम्हाला काढू शकतात, तो भाग वेगळा.

---

मेधा_टाम्पा | १६ डिसेंबर २०२५

उंबरठा, समन्सवरचा नंबर आदल्या संध्याकाळी काउंटीच्या साइटवर तपासा, बऱ्याचदा जायची गरजच पडत नाही. गेलात तर डबा आणि स्वेटर न्या. आणि निवड झाली, तर खटला संपेपर्यंत इथे त्याबद्दल एक अक्षर लिहू नका. आम्हीही विचारणार नाही.